समासातला हात

कॅनडात पाच आठवडे राहून मी नायगारा पाहिला नाही. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे मिरजेतल्या माझ्या मैत्रिणींचे निम्मे प्रश्न वाचतील. बर्फात लोळतानाचा फोटोही नाही. मी पाहिलं ते एक पुस्तक, दोनदा. पहिल्या वेळी मी माती खाल्ली आणि दुसऱ्या वेळी ती ओकावी लागली. त्या दोन वेळांमध्ये आणि नंतर जे झालं तेच माझं प्रवासवर्णन.

गेल्या ऑक्टोबरात दादाचा फोन आला. दादा म्हणजे माझा थोरला भाऊ, माझ्याहून चौदा वर्षांनी मोठा. मिरजेत डॉक्टर होऊन तो कॅनडाला गेला तेव्हा मी परकरात होते. तिकडे टोरांटोपासून दोन तासांवरच्या एका विद्यापीठात त्याने जन्मभर वैद्यकीच्या मुलांना शरीररचना शिकवली, म्हणजे आमच्या आईच्या भाषेत मढी फाडायला शिकवली. आता त्र्याऐंशीव्या वर्षी टोरांटोच्या उत्तरेला रिचमंड हिलमध्ये तो आणि वहिनी असे दोघंच राहतात. फोनवर त्याने इकडचं तिकडचं काही विचारलं नाही. म्हणाला, डोळे गेल्यात जमा आहेत, तू ये, आणि येताना तुझ्या चित्रकलेच्या पेन्सिली घेऊन ये.

नोव्हेंबरात कॅनडाला कोण जातं, असं ज्याने त्याने मला सुनावलं. पण दादाने आजवर माझ्याकडे कधी काही मागितलं नव्हतं. चौतीस वर्षं मुलींच्या शाळेत चित्रकला शिकवून निवृत्त झालेल्या बाईकडे कोण काय मागणार म्हणा! मी सिक्स बी, एट बी अशा गडद शिशाच्या पेन्सिली घेतल्या, खोडरबर घेतले, चार किलो भडंग घेतलं आणि निघाले.

रिचमंड हिल

विमानतळावर वहिनी एकट्याच आल्या होत्या, गाडी घेऊन. वय अठ्ठ्याहत्तर, उंची एवढीशी, स्टिअरिंगच्या वर नुसती चष्म्याची भिंगंच दिसतात. "कालच विंटर टायर्स लावून घेतलेत, तू निवांत बस," असं म्हणून त्यांनी गाडी अशी काढली की मी सीटची कड धरली ती घर येईपर्यंत सोडली नाही. त्यांचा एकच नियम आहे. हायवेवर कुठेही नेतील, पण डाऊनटाऊनमध्ये गाडी घालणार नाहीत.

दारात दादा उभा होता. माझ्याकडे बघून हसला, पण बघत होता माझ्या डाव्या कानाकडे. मला वाटलं कुडी पडली की काय, म्हणून मी कान चाचपलासुद्धा. मग त्याने सांगितलं. त्याच्या डोळ्यांच्या पडद्याचा मधला भाग निकामी झालाय. ज्याच्याकडे सरळ बघावं ते नाहीसं होतं, कडेचं तेवढं दिसतं. म्हणून माणूस बघायचा तर त्याच्या कानाकडे बघायचं, मग चेहरा कडेकडेने हाती लागतो. दर महिन्याला डोळ्यात इंजेक्शन घेतो, त्याने पुढचा बिघाड थोडा थांबतो, गेलेलं परत येत नाही. हे सगळं त्याने दुसऱ्याच कुणाच्या डोळ्यांबद्दल सांगावं तसं सांगितलं. मला मात्र रडू आवरलं नाही.

पहिला आठवडा झोपेचा हिशोब लावण्यात गेला. घरात घर तापवायच्या भट्टीची घरघर, बाहेर चिडीचूप. आमच्याकडे दार उघडं राहिलं तर चार माणसं डोकावून जातात. इथे आठवडाभरात मला रस्त्यावर दिसली ती एक बाई आणि तिचा कुत्रा, आणि कुत्र्याच्या अंगातही स्वेटर. जेवण मात्र अस्सल घरचं. वहिनी ज्वारीचं पीठ ब्रॅम्पटनहून आणतात, मेथी फ्रीझरमधून काढतात आणि भाकरी अशी थापतात की मिरजेत कुणाला जमणार नाही. भाकरी खाता खाता एके दिवशी दादाने मला कशाला बोलावलं ते सांगितलं.

युरोपातल्या प्रबोधनाचा काळ. मलाही तो आर्ट टीचरच्या परीक्षेला होता, पाच मार्कांना. जुन्या ग्रीक ग्रंथांचा शोध, छपाईची कला, इटलीतल्या श्रीमंतांचा आश्रय, अशी कारणं घोकायची आणि मोकळं व्हायचं. दादाला तो काळ वेगळाच ठाऊक होता. त्याच्या आधी म्हणे शरीररचनेचे प्राध्यापक उंच खुर्चीत बसून हजार वर्षांपूर्वीचं पुस्तक वाचून दाखवत. खाली एक न्हावी प्रेत कापे, तिसरा एक जण काठीने दाखवी. पुस्तकात एक, टेबलावर दुसरंच, पण बोलायची कुणाची छाती नाही. मग इटलीत शिकवणारा एक तरुण वैद्य त्या खुर्चीतून खाली उतरला. सुरी स्वतःच्या हातात घेतली, जुन्या पुस्तकातल्या चुका उघड मांडल्या आणि चांगल्या चित्रकारांकडून चित्रं काढून घेऊन स्वतःचं मोठं पुस्तक छापलं. "जुनं वाचलं म्हणून प्रबोधन झालं नाही, शकू," दादा म्हणाला. "वाचलेलं ताडून बघितलं म्हणून झालं."

मला आमची आई आठवली. दादा कॉलेजातून प्रेताला हात लावून यायचा म्हणून तिने मागच्या दारी एक बादली ठेवली होती. डोक्यावरून पाणी घेतल्याशिवाय घरात पाऊल नाही, थंडी असो की ताप असो. दादाही मुकाट्याने अंघोळ करायचा. त्या खुर्चीतल्या प्राध्यापकांची गोष्ट त्याला एवढी का लागली असेल, ते मला तेव्हा समजलं.

त्या पुस्तकाची एक मूळ प्रत टोरांटोच्या एका ग्रंथालयात आहे. बेचाळीस वर्षांपूर्वी दादा ती बघायला गेला होता. आणि तिथे, कातडी सोलून पाठमोऱ्या उभ्या केलेल्या माणसाच्या चित्राशेजारी, समासात, कुणीतरी चारशे वर्षांपूर्वी शाईने एक छोटा हात काढला होता. झालरीची बाही, पुढे केलेलं बोट. बोट पोटरीतल्या एका बारीक स्नायूकडे. तो स्नायू काही माणसांत असतो, काहींत नसतोच. आणि हाताखाली लॅटिनमध्ये एकच शब्द, ज्याचा अर्थ: मी पाहिलं.

हा हात दादाचं दैवत होता. दर वर्षी नव्या मुलांना पहिल्या दिवशी तो हीच गोष्ट सांगे. एवढ्या मोठ्या गुरूचं पुस्तक, तरी एका विद्यार्थ्याने स्वतःच्या डोळ्यांनी तपासलं आणि समासात तशी साक्ष ठेवली. तुम्हीही माझं ऐकून मानू नका, बघा. आता टोरांटोजवळच्या ओकव्हिलमधल्या मराठी मंडळींच्या दिवाळी कार्यक्रमात त्याला बोलायला बोलावलं होतं, आणि हे आपलं शेवटचं भाषण असं त्याने मनाशी धरलं होतं. त्यासाठी त्याला ते पान मोठं करून, ठळक, माझ्या हातचं हवं होतं. इंटरनेटवर त्या पुस्तकाची पानं आहेत, पण ती दुसऱ्या प्रतींची, त्यांत हात नाही. फोटो काढला तर त्याला सगळं राखाडी दिसतं. गडद काळी रेघ मात्र डोळ्याच्या कडेने पकडता येते. "एकदा बघून घेऊ दे," तो म्हणाला, "मग गेले डोळे तर गेले."

टोरांटो, पहिल्यांदा

ग्रंथालयाची वेळ घेतली त्याच्या आदल्या दिवशी दादाला इंजेक्शन होतं. डोळा लालभडक झाला, घरीच बसा असं डॉक्टरांनी सांगितलं. तेव्हा मी आणि वहिनीच निघालो. फिंच स्टेशनवर गाडी लावून सबवेने, म्हणजे भुयारी रेल्वेने गेलो. ग्रंथालयात बोलायचं नाही असं कळल्यावर वहिनी खालीच बाकावर सुडोकूचं पुस्तक उघडून बसल्या. मी एकटी वर गेले.

तिथे ग्रेस नावाची एक ग्रंथपाल बाई होती, वयाने माझ्यासारखीच. पर्स लॉकरमध्ये, पेन बाहेर, आत फक्त पेन्सिल. वहिनींनी मला पांढरे हातमोजे दिले होते, टीव्हीवर तसं दाखवतात म्हणून. ग्रेस हसली. मोजे नकोत, मोज्यांनी पान फाटतं, हात धुऊन कोरडे केले की झालं. मी धुतले. तिने स्पंजच्या उतरत्या आधारांवर पुस्तक ठेवलं, पानं उघडी राहावीत म्हणून मण्यांनी भरलेल्या कापडी दोऱ्या दिल्या. मी पहिलं पान उलटायला हात उचलला आणि सवयीने बोट जिभेला लावलं.

ग्रेसने माझं मनगट धरलं. हळूच धरलं, पण धरलं. चौतीस वर्षं हजेरीची पानं तशीच उलटलेली, बोटाला कुठे अक्कल! मी कानापर्यंत लाल झाले आणि पुन्हा हात धुऊन आले.

पुस्तकाबद्दल काय सांगू? आमच्या नोट्समध्ये प्रबोधनकाळातली चित्रं काळ्या डागांसारखी असायची. कुठे नाक, कुठे डोळा, ते बाईंच्या तोंडून ऐकून मानायचं. आणि इथे रेघ अशी की कालच कोरून छापली असावी. कागद जाडजूड, उलटताना खडखड वाजणारा. लाकडाच्या ठशातून एवढी बारीक रेघ काढणाऱ्या माणसाचे हात कसे असतील, या विचाराने माझं काळीज हललं. कातडी नसलेली माणसं, पण उभी कशी? रस्त्यात कुणाची वाट बघत असावीत तशी. अंगाला काटाही येतो आणि नजरही हटत नाही.

पाठमोरा माणूस सापडला. समास कोरा होता.

मला वाटलं पान चुकलं. पाठमोरी चित्रं पुष्कळ आहेत, एकेक बघितलं. मग समोरून काढलेली बघितली, हाडांची बघितली, नसांची बघितली. दोन तास गेले. कुठे पिवळा डाग, कुठे कसरीचं भोक, पण हात नाही. माझ्या मोडक्या इंग्रजीत मी ग्रेसला विचारलं. तिने नोंदी काढून पाहिल्या. ही प्रत दादा आला त्याच्या कितीतरी आधीपासून इथे होती, तेव्हापासून तिची पानं कुणी धुतलेली नाहीत की नव्याने बांधलेली नाहीत, आणि समासात हस्तलेखन नाही अशी स्पष्ट नोंद. तिने भिंग आणून स्वतः बघितलं आणि मान हलवली.

मी कागद पसरला आणि चित्र काढायला घेतलं. पाठ, खांदे, पोटऱ्या, गडद, मोठं. छान उतरलं. उजवीकडे समास सोडला होता. आणि मग मी काय केलं ते सांगायचं तर आधी शाळेतली एक गोष्ट सांगायला हवी. मुलींची चित्रं प्रदर्शनात पाठवायच्या आधी आम्ही बाई लोक त्यांवर जरा हात फिरवायचो. कुठे सावली, कुठे बोटं. त्यात कुणाला काही वाईट वाटायचं नाही, मुलगी खूश, आईबाप खूश, हेडबाई खूश. तसाच माझा हात फिरला. झालरीची बाही काढली, बोट काढलं, आणि खाली दादाने सांगितला होता तो लॅटिन शब्द लिहिला. मी पाहिलं. बघितलं नव्हतं ते बघितलं म्हणून लिहून ठेवलं, आणि तेही त्या पुस्तकासमोर बसून.

घरी दादा दारातच उभा होता. चित्र त्याने खिडकीशी नेलं, कानाच्या बाजूला धरलं, मान वाकडी केली, इंच इंच सरकवलं. बराच वेळ गेला. "आहे," तो म्हणाला. "आहे, शकू." मग त्याने तीन मित्रांना फोन केले. संध्याकाळी वहिनींनी शिरा केला. मी दोन चमचे खाऊन वाटी बाजूला सरकवली. वहिनींनी विचारलं, गोड कमी झालं का? मी म्हटलं, नाही हो, पोट भरलंय.

टोरांटो, दुसऱ्यांदा

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हे. डोळा निवळला तसा दादा हट्टाला पेटला, मला तिथे घेऊन चल. दिसणार नाही हे मला कळतं, तो म्हणाला, पण त्याच्याजवळ बसायचंय. मी सर्दी झाल्याचं सांगून पाहिलं, पाय दुखतो म्हणून पाहिलं. वहिनींनी काढा पाजला आणि गाडी काढली.

ग्रेसने दादाला खुर्ची दिली, पुस्तक मांडलं आणि आपल्या टेबलाशी गेली. पहिल्या वेळी काय झालं ते तिला माहीत होतं. तिथून ती माझ्याकडे बघत होती. दादाने हात धुऊन पुसले होते. उजव्या हाताचं बोट त्याने माझ्यापुढे केलं.

"टेकवू नकोस," तो कुजबुजला. "नुसतं वर धर. माझं बोट त्याच्या बोटापाशी ने."

मी त्याचं मनगट धरलं. हाडं तेवढी राहिली होती. कोऱ्या समासावर, पोटरीच्या उंचीला, मी ते बोट नेलं. तिथे सोडून दिलं असतं तर काही बिघडलं नसतं. तो तसाच घरी गेला असता, ओकव्हिलला बोलला असता, सुखाने राहिला असता. पण त्याचा चेहरा त्या पानाकडे नव्हता. तो माझ्या कानाकडे बघत होता, म्हणजे मलाच बघत होता.

"दादा, इथे काही नाही रे," मी म्हटलं. "कुठेच नाही. मी सगळी पानं बघितली."

"आणि चित्रातला?"

"तो मी काढला."

"शब्दसुद्धा?"

"शब्दसुद्धा."

त्याने हात मांडीवर घेतला. रागावला असता तर बरं झालं असतं. मी माझ्या आयुष्यातली सगळी फिरवाफिरवी आठवत बसले. मग तो म्हणाला, "चूक तुझी एका दिवसाची आहे. मी बेचाळीस वर्षं सांगत आलो, बघा, बघा. आणि दोन तासांवर होतो, पण परत एकदा येऊन बघितलं नाही." त्याने तो हात दुसऱ्या कुठल्या पुस्तकात पाहिला असेल, की मनानेच रचला असेल, हे त्याला सांगता येईना. त्याने खूप प्रयत्न केला, कपाळावर आठ्या घालून. नाही आठवलं.

मला वाटलं आता उठेल. तो मास्तर निघाला. "बरं. आता जे आहे ते सांग," म्हणाला. "जेवढं दिसतं तेवढंच. वरून सुरुवात कर."

मग मी सांगायला लागले. एक तास सांगत होते. स्नायूंची नावं मला कुठली येणार, मी आपली दोरखंडासारखा, पानाच्या देठासारखा असं सांगायची आणि तो नाव सांगायचा. माणूस संपल्यावर मी पायामागचं सांगायला घेतलं. लांबवर टेकड्या, पडकी भिंत, एक गाव, नदीवर पूल. ते ऐकून तो म्हणाला, अरेच्चा, मागे गाव आहे? इतकी वर्षं ही चित्रं मुलांना दाखवली पण माणसापलीकडे बघितलंच नव्हतं. पान उलटलं, पुढचं चित्र सांगायला घेतलं, आणि माझी जीभ अडखळली. मी मागे गेले, पुन्हा पुढे आले. या चित्राच्या कडेला टेकडीची रेघ जिथे तुटते, तिथूनच दुसऱ्या चित्राच्या कडेला ती पुढे जाते. माणसं वेगवेगळ्या पानांवर उभी, पण सगळी एकाच गावाबाहेर.

ग्रेसला विचारलं तर ती म्हणाली, हो, अभ्यासकांना ठाऊक आहे, फार जुना शोध आहे तो. माझा चेहरा पडला. दादा मात्र माझा खांदा थोपटत होता. त्याने मला तीन वेळा ती रेघ सांगायला लावली, कुठून निघते, कुठे जाते, आणि बोटाने हवेत काढून बघितली.

ओकव्हिल

आपल्याकडे दिवाळी तिथीने येते, तिकडे हॉल मिळेल तेव्हा येते. फराळ घरोघरचा, चकल्या अगदी खुसखुशीत. पोरं एकमेकांत इंग्रजीत बोलत पळत होती, आया "नो रनिंग, बाळा" म्हणत मागे. पुण्या-नागपुराकडची सॉफ्टवेअरवाली तरुण मंडळी पुढच्या रांगांत बसली होती.

दादाने खुर्चीतल्या प्राध्यापकांची गोष्ट सांगितली, खाली उतरलेल्या वैद्याची सांगितली. मग म्हणाला, मी जन्मभर एका हाताबद्दल सांगत आलो, तो हात त्या पानावर नाही. माझ्या बहिणीने बघितलं, नाही. एवढं सांगून तो खाली बसला. टाळ्या पडल्या. काय सुंदर शेवट केला म्हणून लोक त्याच्या पाया पडून गेले. एका मुलाने तर काका, मस्त ट्विस्ट होता, असं सांगितलं.

परतताना गाडी चारशेतीन नंबरच्या हायवेला लागल्यावर दादा म्हणाला, "यांना काय फरक पडतो? ज्यांना खोटं सांगितलं त्यांना सांगायला हवं."

पुन्हा रिचमंड हिल

माझे आठ दिवस उरले होते. बेसमेंटमधून वहिनींनी एक जुनी वही शोधून काढली. त्यात दादाच्या विद्यार्थ्यांचे पत्ते, नंबर, नाताळच्या कार्डांची पाकिटं. पुष्कळ नंबर बंद पडलेले. जे लागले ते मी लावून द्यायची, कारण दादाला आकडे दिसत नव्हते, आणि फोन स्पीकरवर ठेवून शेजारी बसायची. सकाळी दहा वाजता सुरुवात.

कुणी स्वतःच आजोबा झालेले डॉक्टर, कुणी आजारी, दोघं वारलेले. दादा प्रत्येकाला तेच सांगायचा: मी पहिल्या दिवशी तुम्हाला एक गोष्ट सांगितली होती, ती खरी नव्हती, पान कोरं आहे. बहुतेकांना गोष्टच आठवत नव्हती. ज्यांना आठवत होती ते म्हणायचे, जाऊ द्या हो डॉक्टर, तात्पर्य तर खरं होतं ना? हे ऐकलं की दादा फार चिडायचा. तात्पर्यासाठी गोष्ट बनवायची तर मग ती उंच खुर्ची काय वाईट होती, असं म्हणायचा आणि चहा गार होईपर्यंत तसाच बसायचा. चार दिवसांत तो इतका खचला की वहिनी मला म्हणाल्या, ती वही लपवून ठेव. या वेळी मी लपवली नाही.

पाचव्या दिवशी हेलन नावाच्या बाईंना फोन लागला. त्या पूर्वेला समुद्रकाठी हॅलिफॅक्सला राहतात, शस्त्रक्रिया करायच्या, आता निवृत्त. दादाने आपलं सगळं सांगितलं. लाइन गेली असं वाटून मी फोन हातात घेतला, तेवढ्यात त्या हळूच म्हणाल्या, "मला माहीत आहे, डॉक्टर."

मग त्यांनी सांगितलं. पहिल्या वर्षाला असताना त्या व्याख्यानानंतर पुढच्याच आठवड्यात त्या एक दिवस कॉलेज बुडवून, बस पकडून टोरांटोला गेल्या होत्या. पुस्तक मागून घेतलं, दिवसभर बसून एकेक पान उलटलं. हात नव्हता. परत येऊन सांगणार होत्या. पण भरलेला वर्ग, आणि डॉक्टर इतके जीव तोडून शिकवायचे, की धीर झाला नाही. पुढे वर्षं निघून गेली. त्या माफी मागत होत्या.

मी दादाकडे बघितलं. मला वाटलं, आता हा कोसळतो. इतकी वर्षं आपला खोटेपणा कुणाला तरी ठाऊक होता, हे कळणं काही सोपं नाही. दादाने खुर्चीचे हात घट्ट धरले होते.

"तू गेली होतीस?" त्याने विचारलं. "स्वतः? बघायला?"

"हो, डॉक्टर."

दादाच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं, तेही त्याने पुसलं नाही. मग स्वयंपाकघराकडे तोंड करून त्याने मोठ्याने हाक मारली.

"अगं, ऐकलंस का? एकजण गेली होती बघायला."